मुठीपासून गंजीपर्यंत

दसरा झाला की जोतिबाच्या डोंगराचा रंग बदलतो. पावसाळाभर हिरवागार असलेला माळ पिवळा पडू लागतो आणि पायथ्याच्या केर्ली, कुशिरे, पोहाळे, गिरोली या गावांत विळ्यांना धार लागते. गवतकापणीचे दिवस येतात.

शहरात वाढलेल्या आपल्या मुलांना विचारा, गवत आणि कडबा यांत फरक काय? त्यांना वाळलेले सगळे सारखेच दिसते. खेड्यातल्या आईला मात्र प्रत्येकाचे नाव वेगळे ठाऊक असते. डोंगरावरचे, बांधावरचे ते गवत. भात झोडपून उरते ते पिंजर. शाळूची कणसे खुडल्यावर राहतो तो कडबा. उसाचे शेंडे म्हणजे वाडे. जनावरापुढे टाकले की या सर्वांचे नाव एकच, वैरण.

मापेही तशीच. कापताना डाव्या हातात मावते ती मूठ. काही मुठी एकत्र करून गवताच्याच पिळलेल्या बंदाने बांधली की पेंढी. कडब्याच्या पाच पेंढ्यांचा पाचुंदा. दोराने आवळून, डोक्यावर चुंबळ ठेवून उचलला तो भारा; कोल्हापूरकडे त्यालाच बिंडा म्हणतात. घरामागे रचून ठेवली ती गंजी. हा सारा शब्दकोश कुणा पंडिताने लिहिला नाही. ज्यांच्या लुगड्याला कुसळे टोचली आणि ज्यांचे हात पात्यांनी चिरले, त्या आयाबायांनी तो जपला.

आपल्या आजा-पणज्यांच्या डोक्यावरच्या भाऱ्याला मात्र दाम नव्हता. गावात अंमलदार मुक्कामाला आला की त्याच्या घोड्याला गवत आणि चुलीला लाकूड पोचवायचे काम महारांच्या माथी असे. ती वेठ होती. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द करून जमिनी कसणाऱ्यांच्या नावे केल्या. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने राज्यातील कनिष्ठ गाववतने संपली. भारा तोच राहिला; पण आता तो उचलायचा की नाही आणि किती दामाला, हे आपण ठरवू शकतो. हा फरक मुलांना सांगितला पाहिजे.

आज त्याच गवतावर दारातली म्हैस दूध देते. १९६३ साली स्थापन झालेल्या गोकुळ संघामुळे या जिल्ह्यात गावोगावी दुधाचा पैसा घरात येऊ लागला. म्हणून गवत वेळेवर कापणे हा हिशेबाचा भाग आहे.

गवत फुलोऱ्यात असताना कापावे. पूर्ण पिवळे होऊन बी झडले की त्यातला सकसपणा बराच कमी होतो, काडी टणक होते आणि जनावर ते मागे टाकते. कुसळी गवताची कुसळे तर जनावराच्या तोंडात रुततात. अडचण अशी की डोंगराकडे पाऊस लवकर हटत नाही. त्यामुळे उघडीप मिळताच दोन-तीन दिवसांत वाळेल एवढेच कापावे. कापलेले पातळ पसरून उलटसुलट करावे. मूठभर गवत पिळून पाहावे. काडीत ओल लागली तर रचू नये. १०० किलो वाळल्या गवतात १५ किलोपेक्षा जास्त पाणी नसावे. ओले रचले तर बुरशी धरते, आतून तापते, कधी पेटही घेते. गंजीखाली दगड किंवा लाकडे घालावीत आणि माथा छपरासारखा उतरता ठेवावा.

आणखी एक. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागतो. जाळल्याने पुढचे गवत चांगले येते, असे म्हणत काही जण मुद्दाम काडी लावतात. त्यात उभी वैरण जाते, रोपे होरपळतात, पाखरांची अंडी जळतात आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या पावसात वाहून जाते. जळालेली प्रत्येक पेंढी उन्हाळ्यात विकत घ्यावी लागते.

बोधिवृक्षाकडे निघालेल्या सिद्धार्थाला वाटेत सोत्थिय नावाचा गवत कापणारा भेटला आणि त्याने आठ मुठी गवत दिले, असे निदानकथेत सांगितले आहे. त्याच्यावर कुणाची सक्ती नव्हती. आपल्या कष्टाचे गवत त्याने आपल्या मर्जीने दिले. अडीच हजार वर्षांनंतरही त्याचे नाव राहिले आहे. आपल्या घरातल्या गवत कापणाऱ्या आजीचे नाव आणि तिचे शब्द निदान आपल्या मुलांना तरी माहीत असावेत.