सोमवारचे सामिष स्वयंपाकघर

आषाढी अमावास्येची रात्र सरली की मुंबईच्या उपनगरांतील कित्येक मांसाहारी घरांत मटणाचे पातेले घासूनपुसून फळीवर उपडे पडते. कायस्थ प्रभू, पाठारे प्रभू, सारस्वत, मालवणी मराठे अशा मासळीवाचून ज्यांचे जेवण सहसा पुरे होत नाही त्या कुटुंबांपैकी अनेक श्रावणभर, निदान श्रावणी सोमवारी तरी, निरामिष राहतात. त्याआधी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांवर मासेमारीची बंदी असतेच, आणि वेसाव्याच्या होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. तेव्हा भाजीकडे वळणे ही एक शिक्षाच, असा पुष्कळांचा ग्रह होतो. जेवणाऱ्याच्या दृष्टीने तो थोडाफार खराही असेल. परंतु रांधणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर निराळेच काही दिसते.

मटण किंवा मासळी स्वयंपाकिणीचे अर्धे काम स्वतःच करते. हाडे व स्नायुबंध शिजले की त्यांतील जिलेटिन रश्शात उतरते आणि रस्सा आपोआप दाट होतो. चरबी मसाल्याचा सुवास धरून ठेवते. चवीचे गूढ याहून खोल आहे. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्रशैवालाच्या कढणातून ग्लुटामेट हा रुचिकर पदार्थ वेगळा केला, आणि १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना सुक्या मासळीत इनोसिनेट हा दुसरा सापडला. ही दोन्ही द्रव्ये एकत्र आली की रुची नुसत्या बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते. वांग्याच्या भाजीत मूठभर सोडे टाकणाऱ्या कायस्थ गृहिणीने हे रसायन कधी वाचले नव्हते. परिणाम मात्र ती पुरता ओळखून होती. सोमवारी सोडे डब्यातच राहतात, तीच वांगी एकदम उघडी पडतात, आणि आजवर कोणाच्या जिवावर आपली वाहवा होत होती हे तिला कळून चुकते!

येथूनच खरी गंमत सुरू होते. सोड्यांनी सोडलेली जागा भरून काढायची तर हाताशी असलेली सारी विद्या पणाला लावावी लागते, आणि ती विद्या मांसाहारी स्वयंपाकघरात मुबलक असते. कांदा व सुके खोबरे काळपट तांबूस होईपर्यंत भाजून केलेले वाटण घ्या. भाजताना शर्करा व अमिनो आम्ले यांच्या संयोगातून जो खमंगपणा उपजतो, त्याचे वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. भाजलेल्या मांसाचा वास बव्हंशी याच क्रियेचा. अर्थात् मटणाच्या रश्शातील जो गुण आपण मटणाचा समजतो, त्यातला बराचसा वाटणाचाही असतो. मालवणी घरांत काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यास हेच वाटण लागते, आणि आंबोळीबरोबर ते वाढले असता कोंबडीची आठवण काढणारा क्वचितच भेटतो. तीच गोष्ट तिरफळाची. बांगड्याच्या कढीत पडणारे तिरफळ गोव्याकडील खतखत्यातही पडते आणि कंदमुळांना तोच झणझणीत सुवास देते. सोयाबीनच्या तुकड्यांना मटणाचे सोंग देण्याची हल्लीची चाल या पाककृतींपुढे फार पोरकट वाटते.

वालाच्या बिरड्याचे तर विचारूच नये. वाल रात्रभर भिजवावे, फडक्यात बांधून मोड काढावे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावा. घरातील चार माणसे ताटाभोवती बसल्यावाचून हे काम उरकत नाही. जिलेटिनचा दाटपणा येथे नारळाच्या दुधाने आणायचा, आणि तेही शेवटी, मंद विस्तवावर. नाहीतर दूध फाटते. मटण थोडे अधिक शिजले तर बिघडत नाही. बिरड्याचा दाणा मात्र अखंड राहून मऊ व्हावा लागतो. तेव्हा अधिक कसब कशात, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हे सारे खुशीने केले तरच. मुंबईत आहाराकडे बोट दाखवून मासे खाणाऱ्यांना घर नाकारल्याच्या तक्रारी वारंवार कानी येतात. अशा धाकाने कोणी बिरडे शिकेल हे संभवत नाही; उलट भाजीचा तिटकारा मात्र खचित उत्पन्न होईल.

पहिला पाऊस पडला की बोरिवली व मुलुंडच्या बाजारांत आदिवासी स्त्रिया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. सुरणाच्या कुळातील हा रानकोंब एरवी कोलंबी किंवा खिम्याबरोबर शिजतो. वाराच्या दिवशी त्यांची जागा वाल किंवा चण्याची डाळ घेते. त्याच्या अंगी कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला खाजवितात. यास्तव वरचे पापुद्रे व आतला पिवळा भाग काढून टाकावा, कोंब बारीक चिरावा, आणि काकडाच्या आंबट फळांचा रस घालून नीट शिजवावा. जाणती विक्रेती शेवळांसोबत काकडेही देते. न दिल्यास मागून घ्यावीत. ती संपली असतील तर चिंचेचा कोळ चालतो, पण त्या दिवशी पातेले चुलीवरून उतरविण्याची घाई करू नये.