रायगडचा किनारा: हिवाळी सहलीचे खरे-खोटे

डिसेंबर लागला की मुंबई-पुण्याच्या गाड्या अलिबागच्या वाटेला लागतात आणि त्यांच्याबरोबर काही पक्क्या समजुतीही प्रवासाला निघतात. कोकणात थंडी नसते. पावसाळा सरला की समुद्र गरीब होतो. किल्ल्यावर चालत जाता येते, कधीही. यातली पहिली समजूत फार तर हुडहुडी भरवते. बाकीच्या दोन जिवावर बेतू शकतात.

थंडीचेच आधी पाहू. बर्फ पडत नाही म्हणजे हिवाळाच नाही, असे उत्तरेकडच्या माणसाने म्हटले तर समजू शकते. पण घाटमाथ्यावरचा माणूसही नुसता शर्ट घालून अलिबागला येतो आणि पहाटे कुडकुडतो. जानेवारीत पुण्याचा पारा रात्री १०-११ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा अलिबागचे किमान तापमान सरासरीने १७ अंशांच्या आसपास असते, हे खरे. समुद्र उशिरा तापतो, उशिरा निवतो, त्यामुळे त्याच्या शेजारी कुठलीच टोकाची थंडी टिकत नाही. मात्र रात्री जमीन पाण्याआधी गार होते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. शाळेच्या भूगोलातले हेच मतलई वारे. त्यात दव इतके पडते की भल्या सकाळी दुचाकीवरून रेवदंड्याला निघालेल्याची बाही ओली होते. दहा-अकराला खारे वारे सुरू झाले की हा सगळा कारभार संपतो.

हा मोसम आखूडही आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्याची मौज, नंतर उकाडा. याच जिल्ह्यात, किनाऱ्यापासून आत असलेल्या भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमान नोंदले गेले होते.

आता समुद्राच्या गरिबीबद्दल. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला, होड्या पाण्यात गेल्या, लाटा बसल्या. मग पोहायला हरकत काय, असा हिशेब केला जातो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल आली होती. त्या सोमवारी दुपारी १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. तो पावसाळा नव्हता, वादळ नव्हते. चंद्र अर्धा होता, म्हणजे उधाणही नव्हते. वरून सपाट दिसणाऱ्या पाण्याला खालून ओढ असते, किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोराने परत जाते, आणि नेमक्या त्या पट्ट्यात लाटा कमी फुटत असल्यामुळे तीच जागा नवख्याला सर्वांत शांत वाटते. तशा ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झगडत न बसता किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यायचे असते. पण ज्याला पोहताच येत नाही त्याला हा सल्ला काय कामाचा? त्याने गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये, एवढे साधे आहे.

लाटांपेक्षा जास्त घोळ होतो तो भरती-ओहोटीच्या वेळांचा. कुलाबा किल्ला हे त्याचे ठळक उदाहरण. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, अगदी अखेरच्या दिवसांत, या किल्ल्याचे काम सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे. अलिबागच्या पुळणीवरून किल्ला समोरच दिसतो, ओहोटीला चालत जाता येते, घोडागाडीही जाते. म्हणून लोक जेवणखाण आटोपून दुपारी निघतात, जणू ओहोटी रोज दुपारच्याच पाळीला कामावर येते. वस्तुस्थिती अशी, की भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल दोन वाजता कोरडी असलेली वाट चार-पाच दिवसांनी त्याच वेळी पाण्याखाली असू शकते.

कोकणात यासाठी एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उत्तर सव्वाअकरा येते, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते. तेव्हा तासाभराची मोकळीक ठेवायची. पंचांग घरात असलेल्या माणसाला हे गणित बोटांवर करता येते, आणि तरी किल्ल्याकडे निघताना कुणी तिथी विचारत नाही, याचे नवल वाटते.

यात एक मेख आहे. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, सहलीला अगदी सोयीची. पण अष्टमी म्हणजे भांग, उधाणाच्या उलट लहान भरती-ओहोटीचे दिवस. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. भांगाला तो निम्म्याहून कमी होतो. म्हणजे वेळ सोयीची, पण पाणी पुरते हटलेले नसते आणि वाट ओलांडायला गुडघाभर, कधी त्याहून जास्त पाण्यातून जावे लागते. उलट पौर्णिमा-अमावास्येला पाणी लांबवर जाते, पण तळ गाठते ते सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे थंडीत जवळजवळ अंधारातच. मधला मार्ग द्वितीया ते चतुर्थीच्या सकाळचा: ओहोटी साडेसात-नऊच्या दरम्यान, पाणीही बरेच मागे गेलेले. अर्थात नक्की वेळ छापील वेळापत्रकात पाहावी आणि शेवटचा शब्द किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याचा मानावा.

किल्ल्यात गेल्यावर ‘पाणी हळूहळूच चढेल, दिसेल तेव्हा निघू’ हा आणखी एक भ्रम. भरतीच्या सहा तासांत पाणी एका चालीने चढत नाही. पहिल्या तासाला ते रेंगाळते आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मी उंची गाठते. शिवाय आधी भरतात ते खोलगट भाग, आणि ते बहुधा माणसाच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये असतात. आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर, गोड्या पाण्याचा तलाव, चुना न वापरता एकावर एक रचलेले तटाचे प्रचंड दगड हे सगळे बघण्यासारखे आहेच. पण पाणी परत फिरायच्या आत बघून व्हायला हवे.

फिनलंडमध्ये किंवा अमेरिकेतल्या मिनेसोटात हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर लोक चालतात, भोके पाडून मासे धरतात. तिथे पाऊल टाकण्याआधी बर्फाची जाडी मोजतात. मिनेसोटात चालणाऱ्यासाठी किमान चार इंच नितळ बर्फ लागतो, असा सरकारी दंडक सांगितला जातो. रायगडच्या किनाऱ्यावर मोजायची वस्तू वेगळी, पण मोजणे टळत नाही.

उधाण पावसाळ्यातच येते, ही समजूत तंबू ठोकणाऱ्यांना विशेष नडते. पावसाळ्यात मोठी भरती भर दिवसा, कचेरीच्या वेळेत येते, मुंबईत पाणी तुंबते, बातम्या होतात. डिसेंबर-जानेवारीतही पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास तितकीच मोठी भरती येते. फक्त ती मध्यरात्री येते. सूर्य दक्षिणेकडे असताना पौर्णिमेचा चंद्र उत्तरेकडे असतो, त्यामुळे आपल्या अक्षांशांवर दिवसातल्या दोन भरत्यांपैकी रात्रीची वरचढ ठरते. अमावास्येलाही गणित फिरून रात्रीवरच येते. संध्याकाळी कोरडी ठणठणीत वाळू पाहून तंबू लावला, गाडी पुळणीवर उतरवली आणि चांदण्यात सगळे झोपले, की साडेबाराला समुद्र भेटायला येतो. आदल्या भरतीने टाकलेल्या काटक्या-शिंपल्यांची रेघ जिथे दिसते, तिच्याही बऱ्याच वर मुक्काम हवा.

पुळणीवर गाडी नको, याला दुसरेही कारण आहे. ऑलिव्ह रिडले कासवे ओडिशातच येतात असे अनेकांना वाटते. ओडिशात ती हजारोंनी येतात. इथे एकेकटी येतात, एवढाच फरक. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात दिवेआगर, हरिहरेश्वरसारख्या किनाऱ्यांवर मादी रात्री वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. चाकांनी वाळू दडपते, आणि हॉटेलांचे दिवे पाहून पिल्ले समुद्र सोडून भलतीकडे वळतात.

गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचमागे उडणारे पांढरे पक्षी हा हिवाळ्यातला सर्वांत लाडका देखावा. ते इथलेच आहेत आणि भुकेले आहेत, असे समजून प्रवासी त्यांना वेफर्स आणि फरसाण भरवतात. दोन्ही चूक. हे कुरव पाहुणे आहेत. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तळ्यांकाठी वीण घालतो. ती तळी गोठू लागली की खाली उतरतो. ज्या बर्फाळ सरोवरांकडे जायला इथली माणसे पैसे साठवतात, तिथूनच हा हिवाळा टाळायला रायगडला येतो! मार्चनंतर तो दिसेनासा होतो. समुद्रात त्याला मासळी, कोळंबी, किडे पुरेसे मिळतात. तळलेले खारट पीठ त्याच्या पोटासाठी नाही.

किनाऱ्याला जंगल म्हणजे खारफुटी, असे मानणाऱ्याने फणसाडला जावे. मुरूडच्या नवाबाचे हे शिकारीचे राखीव रान. १९८६ मध्ये सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. डोंगरउतारावरचे दाट मिश्र जंगल, हत्तीच्या सोंडेएवढ्या जाड वेढ्यांची गारंबीची वेल आणि तिच्या हातभर शेंगा. इथल्या पाणवठ्यांना स्थानिक लोक ‘गाण’ म्हणतात, आणि जनावर दिसायचे तर तिथेच. मात्र वाघ आणि जीपसफारीच्या अपेक्षेने येणारा हिरमुसतो. फणसाड पायी, सुपेगावच्या बाजूने, वनखात्याच्या परवानगीने आणि वाटाड्यासह बघायचे रान आहे. शेकरू दिवसा फांद्यांवर हमखास. बिबट्या असूनही दिसेलच असे नाही. सांबर, भेकर, पिसोरी नशिबाने. गिधाडांची वीणही थंडीतच चालते, म्हणून घरट्याखाली आरडाओरडा करण्याची हौस आवरावी. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे देशभरातली गिधाडे कशी संपत गेली आणि २००६ मध्ये त्यावर बंदी का आली, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. म्हसळ्याजवळच्या चिरगावात लोकांनी गिधाडे जपली आहेत, हे मात्र कमी जणांना.

राहता राहिली पोपटी. हॉटेलांच्या फलकांनी तिला चिकनचा पदार्थ करून टाकले आहे. पोपटी मुळात वालाच्या शेंगांची. भातकापणीनंतर शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, दवावर तो वाढतो आणि डिसेंबरपासून शेंगा भरतात. म्हणून पोपटीचा हंगामही तोच. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, हवे तर अंडी, बटाटे, रताळी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी घट्ट पाला कोंबून मडके उपडे. भोवती पेंढा आणि लाकडांचा जाळ.

‘पाणी नाही, तेल नाही, मग करपणार’ ही शंका नव्या माणसाला येतेच. शेंगांतला आणि पाल्यातला ओलावाच वाफ होऊन आत कोंडतो आणि त्यावर सगळे शिजते. भांबुर्डीचा उग्र वास त्यात उतरतो, आणि तोच हवा असतो. पाल्याऐवजी कोबीची पाने वापरून केलेली पोपटी खाऊन ‘काही खास नाही’ म्हणणाऱ्यांशी वाद घालू नये. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात. चर्र आवाज होऊन पाणी लगेच उडाले तर मडके उतरवतात, थेंब रेंगाळले तर आणखी चार पेंढ्या टाकतात.