हृदयाची राखण – भाग ९ : तीस टक्क्यांचं ब्लॉकेज

मागच्या भागात कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत कसं शिरतं ते पाहिलं. आज त्या साठ्याचं पुढे काय होतं ते पाहू. परभणी, गंगाखेड, जिंतूर, कुठेही कुणाची अँजिओग्राफी झाली की पहिला प्रश्न ठरलेला : ब्लॉकेज किती टक्के? ऐंशी म्हटलं की घर हादरतं. तीस म्हटलं की सगळे सुटल्यासारखे होतात आणि दोन महिन्यांत गोळ्या बंद पडतात. मला काळजी वाटते ती या तीस टक्केवाल्यांची.

धमनीच्या भिंतीतल्या चरबीच्या साठ्याला डॉक्टर प्लाक म्हणतात. काही प्लाक तंतू आणि कॅल्शियमने टणक झालेले असतात. ते वाट अरुंद करतात, जिना चढताना छातीत दाटतं, थांबलं की उतरतं. दुसरे मऊ असतात. आत चरबीचा आणि मेलेल्या पेशींचा लगदा, वर तंतूंचं आवरण. हे आवरण ०.०६५ मिलिमीटरहून पातळ झालं, म्हणजे जेमतेम डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचं उरलं, की तो प्लाक धोक्याचा समजतात. ते पातळ होतं दाहामुळे. चरबी गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी तिथेच अडकतात आणि त्यांच्यातून पाझरणारी विकरं आवरणातलं कोलॅजन कुरतडतात. मग एखाद्या सकाळी रक्तदाब चढतो, आवरण फाटतं, लगदा रक्ताला भिडतो आणि तिथे गुठळी धरते. थोड्याच वेळापूर्वी बऱ्यापैकी वाहती असलेली धमनी बंद होते. धूम्रपान करणाऱ्यांत आणि स्त्रियांत तर कधी आवरण न फाटता नुसतं वरचं अस्तर खरवडलं गेलं, तरी गुठळी होते.

मग तपासणीत हे आधी दिसत का नाही? शिकागोचे सेमूर ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये याचं उत्तर दिलं. प्लाक वाढू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते, त्यामुळे आतली वाट बराच काळ मोकळी राहते. अँजिओग्राफीत दिसते ती वाट; भिंतीत काय दडलंय ते नाही. स्ट्रेस टेस्टही रक्त पुरतंय का एवढंच सांगते. ती ‘नॉर्मल’ आल्यावर पंधरा दिवसांत झटका आला, तर तपासणी खोटी होती असं नव्हे.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉस्पेक्ट’ अभ्यासात ६९७ रुग्णांच्या धमन्यांत आतून तपासणी करून त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पुढे ज्या नव्या जागांनी त्रास दिला, त्या सुरुवातीला सरासरी ३२ टक्केच अरुंद होत्या. जास्त अरुंद जागा निर्धोक, असा याचा अर्थ नाही. एकेकटी पाहिली तर तीच अधिक धोक्याची; पण किरकोळ दिसणाऱ्या जागा संख्येने कितीतरी जास्त असतात.

मग सगळ्या मऊ प्लाकांत स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळ्या, टाकायचे का? नाही. बहुतेक मऊ प्लाक कधीच झटका आणत नाहीत. काही फाटतात आणि आपल्याला न कळता भरूनही येतात. झटका आलेला असताना स्टेंट जीव वाचवतो. पण स्थिर रुग्णांत औषधांच्या जोडीला स्टेंट टाकून मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत, हे २००७ च्या ‘करेज’ चाचणीत २,२८७ रुग्णांवर दिसलं. आजार सगळ्याच धमन्यांत असतो, तेव्हा उपचारही सगळ्या धमन्यांवर हवा. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी इथेच कामी येते : लगदा आटतो, आवरण जाड होतं. ती बंद केली की हे संरक्षणही जातं. वनस्पती तुपापेक्षा करडईचं तेल केव्हाही बरं. पण गोळीची जागा तेल घेऊ शकत नाही.

तंबाखूचं तर स्पष्टच सांगायला हवं. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. आपल्या दक्षिण आशियात पहिला झटका येण्याचं सरासरी वय ५३ निघालं, इतरत्र ते जवळपास ५९ होतं. घराचा कर्ता माणूस, लेकरांची शिक्षणं अर्धवट, असं ते वय.

आणि झटका आलाच, तर आपल्याकडे अंतराचा प्रश्न आहे. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातल्या खेड्यातून अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या ठिकाणी दोन तासांत पोचणं अवघड. अशा वेळी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी देतात. ते बारा तासांच्या आत द्यावं लागतं आणि पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सगळ्यात जास्त. नंतर चोवीस तासांच्या आत अँजिओग्राफीसाठी पुढे पाठवतात. म्हणून छाती भरून आली, जबडा किंवा हात दुखू लागला, दरदरून घाम सुटला, तर पित्त समजून सोडा पीत बसू नका, मोटारसायकलवर मागे बसवूनही नेऊ नका. १०८ ला फोन लावा. मधुमेह असलेल्यांच्या छातीत कधीकधी दुखतच नाही, नुसता दम लागतो किंवा गळून गेल्यासारखं होतं. रुग्णालयात पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि त्रास चालूच असेल, तर घरी परतू नका. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा काढायला सांगा.