अपस्मार : गोळीची वेळ आणि नियमितता

सुरतच्या दक्षिणेकडील भेस्तानलगत पांडेसरा ही औद्योगिक वसाहत आहे. तेथील कापड कारखान्यांत काम पाळ्यांमध्ये चालते. अपस्मार, म्हणजेच फिट किंवा मिरगी असलेल्या तरुणास रात्रपाळी दुहेरी अपाय करते. झोप मोडते आणि गोळीची वेळही चुकते. दोन्ही कारणांनी झटका येऊ शकतो.

मेंदूतील पेशींचे विद्युत संदेश एकाएकी अनियंत्रित झाले की झटका येतो. औषध त्यांना आवर घालते. मात्र त्यासाठी रक्तातील त्याचे प्रमाण टिकून राहावे लागते. १९१२ मध्ये फेनोबार्बिटल व १९३८ मध्ये फेनिटॉइन उपयोगात आले. पुढे कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट आदींची भर पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचाराने सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांविना जगू शकतात.

बरे वाटते म्हणून गोळी अचानक सोडल्यास लागोपाठ झटके येऊन जिवाला धोका होतो. साधारणतः दोन वर्षे झटका आला नाही, तरच डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. रमजानपूर्वी सहेरी व इफ्तारच्या वेळांत औषध बसते का, हे डॉक्टरांना विचारावे. आजारी व्यक्तीस रोज्यातून सवलत आहेच.

वर्गात झटका आल्यास विद्यार्थ्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. झटका पाच मिनिटांत न थांबल्यास रुग्णालय गाठावे. आजार लपवावा लागला की गोळीही लपवावी लागते, आणि लपवलेली गोळी चुकते. म्हणून वर्गात या आजाराविषयी मोकळेपणाने बोलणे हा उपचाराचाच भाग होय.