क्लिपलेस पेडल

क्लिपलेस पेडल : सायकलस्वाराच्या बुटाचा तळ पेडलाशी घट्ट, पण हवा तेव्हा सोडविता येईल अशा रीतीने जोडणारी यांत्रिक रचना. बुटाच्या तळास स्क्रूंनी बसविलेल्या धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्यास क्लीट म्हणतात. तिचे पुढचे टोक पेडलात सरकवून पाय खाली दाबला की स्प्रिंगची खिट्टी तिला पकडते. टाच बाहेरच्या बाजूस वळविली की पकड सुटते. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पावलाच्या पुढील भागासाठी पिंजऱ्यासारखी क्लिप व पट्टा असे. ती क्लिप येथे नसल्याने, पाय जखडला जात असूनही, हे नाव रूढ झाले.

बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांना बूट अडकविण्याच्या तंत्रावरून लुक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये असे पेडल बाजारात आणले. १९८५ मध्ये बेर्नार ईनो यांनी ते वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकल्यावर त्याचा प्रसार झाला.

नवशिका बहुधा वेगात नव्हे, तर थांबताना पडतो. घाईत तो पाय सरळ वर ओढतो. पकड सुटत नाही व तो सायकलीसह आडवा होतो. ठाण्यातील कोपरी येथे पूर्व द्रुतगती महामार्ग पुलावरून लोहमार्ग ओलांडतो. अशा चढावर वाहनांची रांग एकाएकी थांबल्यास उजवीकडे, म्हणजे रहदारीच्या बाजूस, पडणे प्राणावर बेतू शकते. म्हणून सायकल चालत असतानाच कडेकडील डावा पाय सोडवून भार त्या बाजूस न्यावा.

सराव प्रथम स्प्रिंगचा ताण कमी करून, भिंतीच्या आधाराने व नंतर हिरवळीवर करावा. टाच वळविणे अंगवळणी पडेपर्यंत रहदारीत जाऊ नये. बोरघाटासारख्या चढणीवर गती संपण्यापूर्वीच पाय मोकळा करावा.

पडणे अटळ झाल्यास हात ताठ करून जमिनीवर टेकवू नये. त्यामुळे मनगट किंवा गळपट्टीचे हाड मोडण्याचा संभव असतो. मूठ हँडलवरच ठेवून कोपरे वाकवावीत, हनुवटी छातीकडे घ्यावी आणि आघात मांडी, कुल्ला व खांद्याची बाजू यांवर विभागू द्यावा. शिरस्त्राण आवश्यक आहे. पडल्यावर प्रथम रस्त्यातून बाजूस व्हावे. मनगटाच्या अंगठ्याकडील भागात वेदना राहिल्यास वैद्यकीय तपासणी करावी. तेथील नौकाभ अस्थीचा भंग पहिल्या क्ष-किरण चित्रात कधीकधी दिसत नाही.