मांजराच्या नाकातली बुरशी

गावातल्या जुन्या वाड्याच्या आढ्यावर कबुतरं बसतात आणि खाली मांजर हिंडतं. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत 'क्रिप्टोकॉकस' ही बुरशी वाढते. तिची धूळ श्वासातून नाकात जाते. मांजर आठवडेच्या आठवडे शिंकतं, बहुधा एकाच नाकपुडीतून शेंबूड येतो, नाकाच्या दांड्यावर सूज चढते. सर्दी समजून आपण थांबतो, तोवर बुरशी डोळ्यांत, मेंदूत उतरलेली असू शकते.

तपासणी पाहण्यासारखी आहे. सुजेतला द्रव सुईने काढून काळ्या शाईच्या थेंबात मिसळतात. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या आभाळात एकेक पेशी पांढरं खळं लेवून दिसते. ते खळं म्हणजे तिचं जाड, चिकट कवच.

उपचार एका फरकावर बेतलेला आहे: बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल हा घटक असतो, मांजराच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल. इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल ही औषधं अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. फ्लुकोनॅझोल मेंदूपर्यंत पोचतं. आजार फार बळावला तर अँफोटेरिसिन-बी देतात, पण ते मूत्रपिंडांना बाधू शकतं.

उपचार महिनोन्महिने चालतात. सूज उतरली की गोळ्या थांबवण्याचा मोह होतो. कृपा करून थांबवू नका. रक्तातला बुरशीचा अंश संपेपर्यंत त्या चालूच ठेवायच्या असतात. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल खाण्यासोबत द्यावी आणि अधूनमधून यकृताची रक्ततपासणी करावी. घरात गजकर्णासाठी आणलेली गोळी अंदाजाने तोडून मात्र कधीच देऊ नये.

हा आजार मांजराकडून माणसाला लागत नाही, तेव्हा भीतीपोटी मांजराला घराबाहेर काढू नका. अकोल्याला पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था आहे. गावातल्या डॉक्टरांना तिथला सल्ला घ्यायला सांगा.