पॉइंट टू टू रायफल आणि अचूक नेम

नेम ही जन्मजात देणगी आहे, ती ज्याला लाभली त्याला लाभली, अशी समजूत पुष्कळांच्या मनांत रुजलेली असते. कुणाची एक गोळी निशाणाच्या मध्यभागीं लागली कीं त्याच्या डोळ्याची वाखाणणी होते. दुसऱ्याची गोळी बाजूला गेली कीं बंदुकीला दोष दिला जातो. वस्तुतः एका गोळीवरून नेमबाजाचीही परीक्षा होत नाहीं आणि बंदुकीचीही होत नाहीं. तीच कृति त्याच रीतीनें पुन्हा पुन्हा करतां येणें, याचें नांव अचूकता. ही गोष्ट शिकवितां येते आणि शिकतां येते. म्हणूनच तिचें शास्त्र समजून घेणें अगत्याचें आहे.

आपल्याकडील अनेक विद्यार्थ्यांची रायफलीशीं पहिली ओळख राष्ट्रीय छात्रसेनेंत होते. ही संस्था १९४८ सालीं स्थापन झाली, आणि तेथें शिक्षणासाठीं वापरली जाणारी रायफल बहुधा ‘पॉइंट टू टू’ याच नांवानें ओळखली जाते. मैदानावर शिकणारे पुष्कळ आणि काडतुसें थोडीं, अशी स्थिति असते. वर्षाकांठीं हातीं येणाऱ्या मोजक्या गोळ्या धक्क्याच्या धास्तीनें आणि उतावळेपणानें उडवून टाकल्या, तर त्या मुलाला कांहींच शिकायला मिळत नाहीं, आणि ‘आपल्याला नेम नाहीं’ असा चुकीचा ग्रह मात्र त्याच्या मनांत कायमचा बसतो. हा ग्रह टाळणें हें गोळ्या वांचविण्यापेक्षांही महत्त्वाचें काम आहे.

प्रथम हत्यार कसें चालतें तें पाहूं. मोठ्या रायफलीच्या काडतुसाच्या बुडाशीं मध्यभागीं स्फोटक टोपी बसविलेली असते. पॉइंट टू टूच्या काडतुसांत निराळी टोपी नसते. पितळी पुंगळीच्या बुडाची जी दुमडलेली कड, तिच्या पोकळींतच स्फोटक द्रव्य पसरलेलें असतें. चाप ओढला कीं आंतील खिळा या कडेवर आपटतो, ठिणगी पडते आणि दारू पेट घेते. ‘लाँग रायफल’ या नांवाचें हें काडतूस अमेरिकेंत १८८७ सालीं निघालें आणि आजही तेंच सर्वत्र वापरांत आहे. त्यांतील शिशाची गोळी साधारणतः ४० ग्रेन, म्हणजे सुमारें २.६ ग्रॅम वजनाची असते. नळीच्या आंतील पेचदार खांचा दर १६ इंचांत तिला एक फेरा देतात. सामन्यांत वापरावयाच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारें ३३० मीटर असतो. तेव्हां नळीबाहेर पडतांना ती सेकंदाला सुमारें ८०० फेरे घेत असते. भोंवरा जसा फिरण्यामुळें उभा राहतो, तशीच ही गोळी फिरण्यामुळें आपली दिशा टिकविते. तिचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाहून किंचित् कमी ठेवलेला असतो. कारण ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हां त्याच्या खालीं येतांना गोळीला हेलकावे बसतात.

आतां निशाण. आंतरराष्ट्रीय सामन्यांत ५० मीटरांवरील निशाणाचें दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. अंगठीच्या बोटाच्या नखाएवढें म्हटलें तरी चालेल. पुढील दर्शक, म्हणजे फोरसाइट, आणि मागील दर्शक, म्हणजे बॅकसाइट, यांमध्यें ७५ सेंटिमीटर अंतर आहे असें धरा. या दोहोंच्या जुळणींत मिलिमीटरच्या केवळ दोन दशांशांची चूक झाली, तर ५० मीटरांवर गोळी १३ मिलिमीटर बाजूला जाते आणि दहाचे नऊ होतात. सारी विद्या एवढ्याशा फरकाची आहे.

म्हणून पहिला धडा डोळ्याचा. महाभारतांतील अर्जुनाला पक्ष्याचा केवळ डोळा दिसत होता, ही कथा प्रत्येक मुलाला ठाऊक असते. आणि बहुतेक नवशिके तीच कथा रायफलीला लावतात व फसतात. मनुष्याचा डोळा एकाच वेळीं दोन अंतरांवरील वस्तु स्वच्छ पाहूं शकत नाहीं. निशाणाकडे नजर रोखली कीं फोरसाइट अंधुक होते, आणि ती कोठें सरकली हें कळेनासें होतें. वर दिलेला हिशेब लक्षांत घेतला म्हणजे ध्यानांत येईल कीं फोरसाइट स्वच्छ दिसणें अवश्य आहे. काळें निशाण किंचित् पुसट दिसलें तरी बिघडत नाहीं. सामन्याच्या रायफलीवर मागें बारीक भोंक आणि पुढें कडें असतें; भोंकांत कडें आणि कड्यांत काळें वर्तुळ सर्व बाजूंनीं सारखें बसलें पाहिजे. दुसरा डोळा आवळून मिटूं नये; त्यानें चेहऱ्याचे स्नायु ताणले जातात. त्याच्यापुढें कागदाची लहानशी पट्टी धरावी, म्हणजे दोन्ही डोळे उघडे राहून शीण येत नाहीं.

दुसरा धडा शरीराच्या बैठकीचा. नवशिक्यानें प्रथम पालथें पडूनच शिकावें, कारण जमिनीसारखा दुसरा आधार नाहीं. रायफलीचा भार स्नायूंनीं पेलूं नये, हाडांनीं पेलावा. डावें कोपर रायफलीच्या जवळजवळ खालीं यावें, दंडाला बांधलेल्या पट्ट्यानें भार घ्यावा आणि डावा पंजा केवळ खुंटीसारखा रहावा. मूठ आवळूं नये. दस्ता दर वेळीं खांद्याच्या त्याच जागीं आणि गाल दस्त्याच्या त्याच जागीं टेकावा.

बैठक बरोबर आहे कीं नाहीं याची एक सोपी परीक्षा आहे. नेम धरून डोळे मिटावे, दोन श्वास घ्यावे, अंग सैल सोडावें आणि डोळे उघडावे. नेम निशाणावरच असेल तर बैठक साधली. तो डावीकडे गेला असेल, तर हातानें रायफल ओढून उजवीकडे आणूं नये. डावें कोपर जागेवर ठेवून सारें शरीरच थोडें फिरवावें. ओढून आणलेली रायफल चाप सुटण्याच्या क्षणीं आपल्या मूळ जागेकडे परत धांवते, आणि ‘मी तर बरोबर मध्यावर धरलें होतें’ ही नेहमींची तक्रार ऐकूं येते. तक्रार खरी असते. परंतु धरलेलें आणि टिकलेलें यांत फरक असतो.

तिसरा धडा श्वासाचा आणि बोटाचा. श्वास चालूं असतां रायफल वरखालीं होते. श्वास सोडल्यानंतर दुसरा घेण्यापूर्वीं जो नैसर्गिक विराम येतो, त्याच विरामांत गोळी सुटावी. आठ-दहा सेकंदांहून अधिक श्वास रोखल्यास दृष्टि मंदावते आणि हात कांपूं लागतो. अशा वेळीं बोट काढून घ्यावें, श्वास घ्यावा आणि सर्व कृति पहिल्यापासून करावी. सोडून दिलेल्या नेमाचा गुण जात नाहीं. घाईनें सोडलेल्या गोळीचा मात्र जातो. चाप बोटाच्या पहिल्या पेरानें, सरळ मागें, वाढत्या दाबानें ओढावा. हिसका दिला कीं सारें व्यर्थ.

गोळी सुटल्यावरही काम संपत नाहीं. चाप सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत कांहीं सहस्रांश सेकंद जातात. पॉइंट टू टूची गोळी मोठ्या रायफलीच्या मानानें मंद असल्यानें तिला नळींत जास्त वेळ लागतो. ज्यानें आवाज होतांच मान वर केली त्याच्या गोळीवर याचा परिणाम होतो. म्हणून आवाजानंतरही एक-दोन सेकंद गाल दस्त्यावर, डोळा दर्शकांवर आणि बोट चापावर तसेंच ठेवावें.

चौथा धडा नळीबाहेरच्या कारणांचा. ५० मीटर जाण्यास गोळीला सुमारें १६ शतांश सेकंद लागतात आणि तेवढ्यांत ती साडेबारा सेंटिमीटर खालीं येते. ही घट भरून काढण्यासाठीं नळीचा रोख किंचित् वर असतो. रायफल पांच अंशांनीं उजवीकडे कलली, तर हाच रोख उजवीकडे वळतो आणि गोळी सुमारें ११ मिलिमीटर उजवीकडे जाते. म्हणून रायफल दर वेळीं सारखीच धरली पाहिजे. वाऱ्याचेंही तसेंच. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा या गोळीला ५० मीटरांवर सुमारें अडीच सेंटिमीटर ढकलतो. जाणता नेमबाज मैदानावरील लहान निशाणें पाहून वाऱ्याची एक स्थिति निवडतो आणि ती स्थिति परत येईपर्यंत थांबतो.

पांचवा धडा गोळ्यांचे घाव वाचण्याचा. पहिली गोळी बाजूला गेली कीं लगेच दर्शक फिरविणें ही सर्वांत मोठी चूक. आधीं एकाच ठिकाणीं नेम धरून पांच गोळ्या सोडाव्या आणि त्यांचा पुंजका पहावा. पुंजका लहान पण एका बाजूला असेल, तर नेमबाज बरोबर आहे आणि दर्शक हलविला पाहिजे. पुंजका विस्कटलेला असेल, तर दर्शकाला हात लावूं नये; दोष बैठकींत, श्वासांत किंवा बोटांत शोधावा. उभी पसरण बहुधा श्वासामुळें, आडवी पसरण बहुधा वाऱ्यामुळें अथवा चापामुळें होते. शिवाय प्रत्येक गोळीनंतर, निशाणाकडे पाहण्यापूर्वीं, ती कोठें लागली असावी हें सांगावें आणि वहींत लिहावें. सांगितलेलें व घडलेलें जुळूं लागलें म्हणजे नेमबाज स्वतःशीं खरें बोलूं लागला असें समजावें. हा प्रामाणिकपणा या विद्येचा पाया आहे.

काडतुसांविषयीं एक सूचना. एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या घाण्यांतील काडतुसें एकाच रायफलींत सारखीं चालत नाहींत. म्हणून थोडीं थोडीं निरनिराळीं घेऊन पहावीं आणि ज्याचा पुंजका लहान तीं ठेवावीं. नळी धुतल्यावर पहिल्या कांहीं गोळ्या भलतीकडे जातात. त्या मोजूं नयेत.

ज्याच्याजवळ काडतुसें कमी, त्यानें गोळीविना सराव करावा. रिकाम्या रायफलीनें भिंतीवरील टिंबावर नेम धरून चाप सोडावा आणि दर्शक हालले कां तें पहावें. मात्र या जातीच्या रायफलीचा खिळा रिकाम्या घरांत कडेवर आपटून ती कड झिजण्याची भीति असते. म्हणून घरांत झाडलेली रिकामी पुंगळी किंवा खोटें काडतूस ठेवावें. खरीं काडतुसें त्या वेळीं खोलींतही असूं नयेत. मैदानावर काडतूस उडालें नाहीं तर नळी निशाणाकडेच रोखून निदान तीस सेकंद थांबावें. एखादें काडतूस उशिरा पेट घेतें. ही गोळी लहान म्हणून तिला कमी लेखूं नये. ती दीड किलोमीटरहूनही दूर जाऊं शकते. परवान्याचा नियम आणि मैदानाची शिस्त या दोन गोष्टी अचूकतेच्याही आधीं येतात.

या मार्गानें कोठवर जातां येतें, याचीं उदाहरणें महाराष्ट्रानेंच दिलीं आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिच येथें, पालथें पडून ५० मीटरांवरील स्पर्धेंत, ६०० पैकीं ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद पटकाविलें. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. प्राथमिक फेरींत त्यांचे गुण ६०० पैकीं ५९० होते. गुडघ्यावर १९८, पालथें १९७ आणि उभें राहून १९५. उभें राहून आधार सर्वांत कमी आणि म्हणून काम सर्वांत अवघड, ही गोष्ट या आंकड्यांतही दिसते.

साठ गोळ्यांत दहा गुण गमावणें म्हणजे साठ वेळां जवळजवळ तीच बैठक, तोच श्वास आणि तोच दाब साधणें होय. ज्या विद्यार्थ्याच्या हातीं आज पांचच काडतुसें आहेत, त्यानें त्या पांचांत एवढेंच पहावें कीं पांचही घाव जवळजवळ लागतात कीं नाहीं. ते मध्यावर नसले तरी हरकत नाहीं. पुंजका साधला तर मध्य दर्शकाच्या दोन फिरक्यांवर असतो. पुंजकाच साधला नाहीं तर मध्यावर लागलेली गोळीही त्याची नसते, योगायोगाची असते.